मांडव आधी कुणावर? उन्हाळ्यात सभा भरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
एप्रिल-मे महिन्यांत उघड्या मैदानात सभा, मेळावे, सोहळे, सत्संग भरवणारे सर्व पक्ष, संस्था, समित्या, महाराज आणि (या यादीतून आम्हाला वगळून चालणार नाही) पुरोगामी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी अकोल्यात राहतो. अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. देव मानत नाही. बायको मानते, आणि या विषयावर आमचा जुना तह आहे: देवघर तिचं, माठ माझा. मार्च लागला की रोज सकाळी माठ घासायचा, भरायचा, त्याला ओलं फडकं गुंडाळायचं, कूलरच्या ताट्यांवर पाणी सगळीकडून नीट झिरपतंय का ते बघायचं, ही माझी कामं. नऊच्या आत बाजार उरकतो. बारा वाजले की गांधी रोडवरचं कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. आमच्या गल्लीतल्या बायका कुरडयांचा चीक पहाटे पाचला शिजवायला घेतात आणि साडेआठला गच्चीवरून खाली उतरलेल्या असतात. ऊन त्यांना हवंच असतं, पण ते कुरडयांसाठी. स्वतःच्या डोक्यावर नको असतं. एवढा हिशोब चौथी शिकलेल्या आजीलाही जमतो. तुमच्या नियोजन समितीत तो कुणाला जमतो का, हे विचारायला हे पत्र लिहितोय.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आमच्याकडे २६ एप्रिलला मतदान होतं. त्याच्या आधी एक मोठी सभा झाली. पक्षाचं नाव सांगत नाही, कारण नंतर दुसऱ्या पक्षाच्या सभेलाही गेलो आणि तिथेही हेच पाहिलं. वेळ दुपारी दोनची. मी डोक्याला दुपट्टा बांधून, खांद्याला पाण्याची बाटली लावून दीडलाच पोचलो. मास्तरकीची सवय, वर्गावर आधी जायचं. मैदानात तोवर आठ-दहा हजार माणसं बसलेली होती. ट्रक, टेम्पो, जीपगाड्या अकरापासून खाली होत होत्या. स्टेजवर पांढऱ्याशुभ्र कापडाचा भक्कम मांडव, दोन्ही अंगांना जंबो कूलर, स्टेजसमोर बंदोबस्तासाठी राखलेल्या मोकळ्या जागेत, म्हणजे ‘डी’मध्ये, सोफे आणि त्यांच्यावरही छत. त्यामागे बांबूची बॅरिकेड्स. बॅरिकेडच्या अलीकडे सगळं आभाळ मोकळं.

लोकांनी आपापल्या परीनं सावली तयार केली होती. हातात दिलेले फलक डोक्यावर धरले होते. उमेदवाराचा हसरा चेहरा वर, त्याखाली घामानं निथळणारा दुसरा चेहरा, अशा रांगाच्या रांगा. काहींनी खुर्चीच उलटी करून डोक्यावर घेतली होती.

मांडव-डेकोरेशनचं काम ज्याच्याकडे होतं तो माझा जुना विद्यार्थी निघाला. पाया पडला, सावलीत खुर्ची टाकून देतो म्हणाला. मी विचारलं, “काय रे, एवढं मोठं मैदान, अन् मांडव फक्त स्टेजपुरता?” त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी एकेकाळी त्याच्याकडे पाहायचो.

“सर, लोकायवर मांडव टाकला तं ड्रोनमंधी डोकी कशी दिसतीन?”

मी बराच वेळ काही बोललो नाही. खर्चाचं कारण त्यानं सांगितलं असतं तर मी समजून घेतलं असतं. कापड, बांबू, मजुरी, सगळंच महागलंय. पण त्याचं म्हणणं होतं की पैसा होता, कापडही गोदामात होतं. अडचण एवढीच की माणूस सावलीत बसला की वरून दिसत नाही, आणि जो वरून दिसत नाही तो मोजता येत नाही.

शेवटच्या रांगांकडे एक पन्नाशीची बाई पदर पुढे ओढून बसली होती. तिच्या ओटीत पाण्याचे पाच-सहा पाऊच होते, एकही फोडलेला नव्हता. म्हटलं, मावशी, पाणी प्या की. ती म्हणाली, “पेली मी एक. हे पोट्ट्यायले नेतो. आमच्या गावचं पानी खारं हाय ना बाप्पा.” बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. जमिनीखालचं पाणी क्षारानं खारट. विहीर खणा, बोअर मारा, चूळसुद्धा भरवत नाही. नळयोजना आहेत, पण नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते गावागावात विचारा. तर ही बाई भर उन्हात तीन तास बसून, मिळालेलं गोडं पाणी वाचवून घरी नेत होती. स्टेजवर त्या वेळी एक स्थानिक वक्ते याच पट्ट्यात पाणी आणण्याबद्दल बोलत होते.

मुख्य नेते पावणेपाचला आले. हेलिकॉप्टर उतरलं, त्याची धूळ पहिल्या वीस रांगांवर बसली. भाषण चोवीस मिनिटांचं झालं.

आता थोडं माझ्या विषयाबद्दल. हवामान खातं सांगतं की आज अकोल्याचं तापमान ४४ अंश, तेव्हा तो आकडा कुठला असतो? पांढऱ्या रंगाची, झडपांची एक लाकडी पेटी असते, जमिनीपासून साधारण चार फूट उंच. वारा आत खेळतो, ऊन आत येत नाही. थर्मामीटर त्या पेटीत असतो. म्हणजे ४४ हा सावलीतला आकडा आहे. तुम्ही पेपरात वाचता आणि म्हणता, ‘४४ तर दरवर्षीच असतं’, तेव्हा तुम्ही पेटीतल्या थर्मामीटरबद्दल बोलत असता. मैदानातल्या माणसाला कुणी पेटीत बसवलेलं नसतं. त्याच्या डोक्यावर थेट ऊन, खाली तापलेली माती, शेजारी चिकटून बसलेल्या माणसाच्या अंगाची धग. थर्मामीटरची काळजी आपण माणसापेक्षा जास्त घेतो, असं मी वर्गात गमतीनं म्हणायचो. आता गंमत वाटत नाही.

शरीर गार ठेवायचा एकच मोठा मार्ग निसर्गानं दिलाय: घाम यावा आणि तो उडून जावा. माठ ज्या तत्त्वावर गार होतो त्याच तत्त्वावर आपण गार राहतो. विदर्भात हवा कोरडी, म्हणून कूलर चालतो, माठ गार होतो. पण घाम इतक्या लवकर उडतो की तो आलाय हेच कळत नाही. माणूस म्हणतो, ‘मला कुठं घाम आलाय?’ आणि आतून रिकामा होत जातो. कोकणपट्टीत उलटं. हवेतच पाणी भरलेलं, घाम अंगावरून उडतच नाही, अंग तापत जातं. म्हणूनच हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांपासून पुढे उष्णतेच्या लाटेचा विचार करतं आणि किनाऱ्यावर ३७ पासूनच. शरीराचं तापमान ४० च्या पुढे गेलं, बोलण्यात बरळ आली, तोल गेला की तो उष्माघात. तिथे मग लिंबू-सरबत देऊन भागत नाही. सावलीत न्यायचं, अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा, दवाखाना गाठायचा. हातात मिनिटंच असतात.

किनाऱ्याचं नाव मुद्दाम काढलं. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर निरूपणकार अप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्याचा सोहळा झाला. त्यांना मानणारी लाखो माणसं आली होती. मंचावर छत होतं, समोरच्या समुदायावर नव्हतं. तापमान ३८ च्या आसपास. आम्हा वऱ्हाडी माणसाला ते ऐकून हसू यावं. पण हवा समुद्राकाठची, दमट. उन्हाच्या त्रासानं १४ माणसं गेली. त्यानंतर राज्य सरकारनं उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर असे कार्यक्रम नकोत, असं जाहीर केलं. आणि वर्षभरात मी दुपारी दोनच्या सभेला बसलो होतो.

खारघरबद्दल आणखी एक गोष्ट बोलायची आहे, आणि ती आमच्याच लोकांशी. त्या दिवसांत आमच्या विवेकवादी मित्रांपैकी काहींनी मेलेल्यांना ‘अंधभक्त’ म्हटलं. मोबाइलवर असे दोन संदेश मलाही आले होते, आणि मी त्यावर काही लिहिलं नाही, गप्प बसलो. ती माणसं श्रमदानाला, झाडं लावायला, हातात झाडू घ्यायला जाणारी होती. त्यांची श्रद्धा मला पटत नाही. पण तहान लागण्यासाठी श्रद्धा असावी लागत नाही आणि नसावीही लागत नाही. उन्हात कोसळलेल्या माणसाचा झेंडा आधी बघायचा आणि मग हळहळायचं की नाही ते ठरवायचं, तर मग मानवतावादी म्हणवून घ्यायचं कशाला?

हा शब्द मी उगाच मिरवत नाही. चाळिशीत क्रांतिकारक विचारवंत मानवेंद्रनाथ (एम. एन.) रॉय यांचं लिखाण हाती लागलं आणि माझ्या विचारांची घडीच बदलली. मे १९४६ मध्ये त्यांनी डेहराडूनला आपल्या कार्यकर्त्यांचं अभ्यासशिबिर घेतलं (डोंगराच्या पायथ्याशी, हे चतुराईचंच म्हणायचं). त्याच वर्षी डिसेंबरात मूलगामी मानवतावादाची २२ सूत्रं मांडली, आणि डिसेंबर १९४८ मध्ये स्वतःचा पक्षच विसर्जित केला. पक्ष म्हटला की सत्ता येते आणि सत्तेच्या मागे लागलं की माणूस साधन होतो, हे त्यांना आयुष्यभर राजकारण करून कळलं होतं. पक्ष विसर्जित करा अशी मागणी मी तुमच्याकडे करत नाही. तेवढा भाबडा नाही. पण राज्यघटनेच्या ५१-क कलमात, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं, वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या शेजारी मानवतावादही नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिला गेला आहे. तुमच्या स्टेजवर संविधानाची प्रत हल्ली हमखास असते, म्हणून आठवण दिली.

गरीब माणसानं गरीब माणसांची सभा भरवली तर ती कशी भरवावी, याचा नमुना आपल्याच राज्यात आहे. महाडची अस्पृश्यांची परिषद, १९ आणि २० मार्च १९२७. दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं चवदार तळ्यावर चालत गेली, पाणी प्याली, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या आधीची एक बारीक गोष्ट भाषणांत कुणी सांगत नाही. परिषदेच्या जागी अस्पृश्यांना पाणी मिळणार नव्हतं, म्हणून आयोजकांनी सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घेतलं. १९२७ चे चाळीस रुपये! वर्गणी कुठून कशी आली असेल, कुणाच्या किती दिवसांच्या मजुरीचे ते पैसे असतील, कल्पना करा. ज्या तळ्याचं पाणी नगरपालिकेच्या ठरावानं १९२४ पासूनच सगळ्यांसाठी खुलं होतं, त्याच गावात पाणी विकत घ्यावं लागलं. तरी आधी पाणी, मग ठराव, मग मोर्चा, हा क्रम त्यांनी मोडला नाही. तुमच्या सभेच्या खर्चाच्या यादीत पाण्याची ओळ कितव्या नंबरवर असते?

दुसरा नमुना आमच्याच मातीतला. गाडगेबाबा लहानपणी याच भागात, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आजोळी वाढले, खारपाणपट्ट्याच्या उन्हात गुरं राखली. गावात येत ते झाडू घेऊन. दिवसा गाव झाडत आणि कीर्तन रात्री करत. शेतकरी-मजूर कामावरून आलेला, भाकर खाल्लेला, हवा जरा उतरलेली. माणसं आपणहून येत, गाडी पाठवावी लागत नसे. तहानलेल्याला पाणी ही त्यांच्या सांगण्यातली दुसरीच गोष्ट, पहिली भुकेल्याला अन्न. देव कुठे आहे याबद्दल ते जे विचारत, ते प्रश्न माझ्यासारख्या नास्तिकालाही धारदार वाटतात. पण त्याहून मला त्यांचं वेळापत्रक शिकण्यासारखं वाटतं.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, मास्तर दुसऱ्यांनाच शिकवतोय. म्हणून माझं सांगतो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या छोट्याशा अभ्यासमंडळानं व्याख्यान ठेवलं. विषय ‘मानवी प्रतिष्ठा आणि आपण’. वक्ता मी. हॉल चार वाजता मिळाला, कारण संध्याकाळचं भाडं जास्त होतं. आम्ही सहाशे रुपये वाचवले. हॉलमध्ये कूलर होते, तेवीस श्रोते होते. माइकवाल्याचा पोरगा, सतरा-अठरा वर्षांचा, स्पीकरचे डबे हातगाडीवर घालून दीडच्या उन्हात तीन किलोमीटर ओढत आला होता. जोडणी करून तो बाहेर पायरीवर बसला. पायरी पश्चिमेकडची. आत ये, असं त्याला कुणी म्हटलं नाही. मी म्हटलं नाही. मला तो दिसत होता, उघड्या दारातून अगदी समोर. मी एक तास दहा मिनिटं प्रतिष्ठेवर बोललो. आभारप्रदर्शन चालू असताना तो तिथेच ओकला आणि आडवा झाला. दोघांनी उचलून दवाखान्यात नेला, सलाइन लावलं, रात्री घरी गेला. पोरगा ठणठणीत आहे, आज त्याचं स्वतःचं दुकान आहे, भेटला की ‘काय सर’ म्हणतो. मला त्याच्याकडे नीट पाहता येत नाही. त्या दिवशी कुणीही कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. एका खुर्चीचा आणि एका शब्दाचा प्रश्न होता. सहाशे रुपये आजही हिशोबाच्या वहीत ‘बचत’ म्हणून लिहिलेले आहेत. वही माझ्याच अक्षरात आहे.

म्हणून मागतो ते थोडकं आहे आणि आम्हालाही लागू आहे.

दुपारची सभा बंद करा. ध्वनिक्षेपकाला रात्री दहापर्यंत परवानगी असते. सहा ते दहा हे चार तास भाषणाला पुरत नसतील तर भाषणात काहीतरी चुकतंय. दिवसाच घ्यायची असेल तर पहिलं कापड लोकांवर टाका आणि उरलं तर स्टेजवर. ड्रोनचा फोटो बिघडेल, बिघडू द्या. ज्याला गर्दी मोजायची आहे त्यानं खाली उतरून मोजावी. पाणी शेवटच्या रांगेच्या मागे ठेवा, कारण पुढे ठेवलेलं पाणी मागे पोचत नाही, हे कुठल्याही लग्नातल्या पंगतीत दिसतं. नेत्याला उशीर होणार हे निघण्याआधीच माहीत असतं; तसं माइकवरून खरं सांगा आणि लोकांना झाडाखाली जाऊ द्या. ‘साहेब पाच मिनिटांत पोचत आहेत’ हे वाक्य मी त्या दिवशी अकरा वेळा ऐकलं. बीपीच्या गोळ्या घेणारी, साखर असलेली माणसं, पोटुशा बाया, यांना येऊ नका असं आधीच सांगायला लाज कसली? आणि अंगणवाडीच्या ताया, आशा, बचतगटाच्या बायका यांना ‘हजेरी लागेल’ म्हणून आणणं थांबवा. ज्याला न येण्याची मुभा नाही, त्याचं येणं कशात धरायचं? बंदोबस्तातले पोलीस आणि मांडवाची पोरं आठ-आठ तास उन्हात उभी असतात. त्यांचा तर या सगळ्या बोलण्यात कुणी उल्लेखच करत नाही, मीही इतक्या उशिरा केला.

पाणपोयांबद्दलही एक. चौकाचौकात तुम्ही त्या लावता, चांगलं करता. पण फलक दहा फुटांचा आणि रांजण दोन, असं का? उद्घाटनाला पेपरवाले येतात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात रांजण कोरडा असतो तेव्हा कुणी येत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक शिंपी आहे. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावानं पाण्याची घागर द्यायची म्हणून त्यानं दुकानापुढे माठ ठेवला. फलक नाही, फोटो नाही, साखळीला बांधलेला एक स्टीलचा गडू. दिवसातून तीनदा भरतो. पितर पाणी पितात यावर माझा विश्वास नाही. सायकलवरून सिलिंडर पोचवणारा माणूस पितो, तो मी रोज पाहतो.

२००४ पासून लोकसभेची प्रत्येक निवडणूक एप्रिल-मेच्या उन्हात आली आहे, २०२४ चा शेवटचा टप्पा तर १ जूनला होता. पहिली, १९५१-५२ ची, ऑक्टोबर ते फेब्रुवारी अशी थंडीत झाली होती. आता २०२९ लाही तारखा उन्हाळ्यातच येतील असं दिसतंय. त्याआधी तुमचे सप्ताह, सोहळे, वर्धापनदिन आहेतच.

मी येणार आहे. लहानपणी आई उन्हात निघताना खिशात कांदा घालायची, ऊन लागू नये म्हणून. कांद्यानं काही होत नाही हे मी पुढे अठ्ठावीस वर्षं मुलांना शिकवलं. आता खिशात शाळेतला जुना थर्मामीटर असेल. एकदा स्टेजजवळ लावीन, तुमच्या माणसांनी जाऊ दिलं तर, आणि एकदा शेवटच्या रांगेत, त्या मावशीच्या शेजारी. दोन्ही आकडे, वेळ आणि मैदानाचं नाव लिहून दुसऱ्या दिवशी तुमच्याच कार्यालयात आणून देईन. पोच द्यावी.

आपला,
एक निवृत्त विज्ञानशिक्षक,
अकोला